हातचा विसरणारं यंत्र

हँडल असलेली कुठलीही वस्तू आमच्या भागात शेवयाचीच असते, हे ज्ञान मला निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना झालं. तोपर्यंत मी लोहाऱ्याच्या शाळेत गणित शिकवत होतो आणि जगाबद्दल माझे बरेच गैरसमज होते.

वस्तू मिळाली सोलापुरात. डोळे तपासायला गेलो होतो. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले आणि "तासभर बसा" म्हणाले. मी बसलो नाही, फिरत फिरत जुन्या बाजारात गेलो. बाहुल्या विस्फारलेल्या, समोरचं सगळं धुरकट, आणि अशा अवस्थेत मी खरेदी केली. आमच्या चैतालीची आई पुढं जो भेटेल त्याला ही हकिकत इथूनच सांगायची आणि इथंच संपवायची. तिच्या मते पुढचं काही सांगायची गरजच नव्हती.

तर ते काळं, लोखंडी, शिलाई मशीनच्या डोक्याएवढं धूड एका गोणपाटावर पडलं होतं. उजव्या अंगाला हँडल. वर गोल पाठीवर उभ्या खाचा आणि प्रत्येक खाचेत एकेक खिट्टी. खाली आकड्यांच्या बारीक खिडक्या. बी.एड.च्या पुस्तकात मी त्याचं चित्र पाहिलं होतं. वीज नाही, बॅटरी नाही, नुसत्या दातांच्या आणि चाकांच्या जोरावर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करणारं गणितयंत्र. भंगारवाल्याला ते काय आहे हे ठाऊक नव्हतं, पण मला ते हवंय हे त्याला ठाऊक झालं होतं. धंद्याला तेवढं पुरतं.

मला ते हवं होतं हातच्यासाठी. सगळा जन्म मी वर्गात "हातचा धरा, हातचा धरा" असं ओरडत काढला. पण हातचा धरायचा कुठं, हे मला एकाही पोरानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. कुणी बोटावर धरतं, कुणी वहीच्या कोपऱ्यात बारीक लिहून ठेवतं, आणि मोबाईल आल्यापासून तर कुणी धरतच नाही. या यंत्रात हातचा डोळ्यांनी दिसतो. आकड्याचं चाक नवावरून शून्यावर आलं की आतलं एक लोखंडी बोट शेजारच्या चाकाला ढोसतं. 'मी भरलो, तू एक घर सरक,' असं म्हणतं. निवृत्त होण्याआधी एकदा, फक्त एकदा, पोरांना हे ढोसणं दाखवावं, एवढीच माझी इच्छा होती. माणसाची इच्छा लहान असली की खर्च लहान होतो, असं मात्र नाही.

लोहारा गाडीत मी यंत्र मांडीवर घेऊन बसलो. वाहक आला, त्यानं यंत्राकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"हे काय हाय?"

"गणितयंत्र."

त्यानं थोडा विचार केला. "शेवयाचं मशीन मांडीवर घेतलं तर चालतंय. गणितयंत्राचं मला कुणी सांगितलेलं न्हाय. लगेजचं तिकीट फाडावं लागंल, आन् ते कशात धरायचं ते डेपोत इचारावं लागंल."

गाडी नळदुर्गच्या पुढं आली होती. मागं डेपो सोलापुरात, पुढं अंधार पडायच्या आत घर. मी म्हणालो, "शेवयाचंच आहे."

"मग आधी सांगायचं की," तो म्हणाला आणि पुढं गेला.

सत्याशी केलेली ही माझी पहिली तडजोड. जळकोटला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी "बारीक पडतात का?" असं विचारलं. मी "हो, केसासारख्या" म्हणालो. एकदा उतरण लागली की माणूस थांबत नाही.

घरी आलो. चैताली पुण्याला नोकरीला असते, त्यामुळं घरात आम्ही तिघं. मी, चैतालीची आई आणि माझी आई मथुराबाई. आईला कमी दिसतं आणि त्याहून कमी ऐकू येतं, पण मत द्यायला या दोन्ही गोष्टी लागत नाहीत. तिनं यंत्रावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चांगलं दणकट हाय. ह्याला पाटावर आवळायचा स्क्रू कुठाय?"

मी चैतालीच्या आईला समोर बसवलं आणि यंत्र कसं चालतं ते समजावून सांगितलं. खिट्टी सातावर आणली की आतल्या चाकातून सात दात बाहेर येतात. हँडल एकदा फिरवलं की ते सात दात खालच्या आकड्याच्या चाकाला सात घरं पुढं ढकलतात. चारदा फिरवलं की सात चोक अठ्ठावीस. म्हणजे गुणाकार हा दुसरा तिसरा कुणी नसून पुन्हा पुन्हा केलेली बेरीज आहे.

"हे मला माहीत होतं," ती म्हणाली.

"दहानं गुणायचं तर खालची आकड्यांची पेटी एक घर बाजूला सरकवायची. हँडल उलटं फिरवलं की वजाबाकी. आणि वजाबाकी करता करता शून्याच्या खाली गेलं की घंटी वाजते."

"अशी घंटी माणसांना पाहिजे होती," ती माझ्याकडं बघत म्हणाली. "फिरवून दाखवा."

मी हँडल धरलं. ते फिरेना. दोन्ही हातांनी धरलं, तरी फिरेना. मग एक पाय भिंतीला लावला. भिंतीचा रंग निघाला, हँडल तसूभर हललं आणि आतून घंटी वाजली. पलीकडच्या खोलीतून आईनं विचारलं, "कुल्फीवाला आला का?"

चैतालीची आई उठून भाकरी करायला गेली.

दुसऱ्या दिवशी आमचे शेजारी सिद्रामप्पा आले. सिद्रामप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी जन्मात जेवढ्या गाड्या दुरुस्त केल्या, त्याहून जास्त निवृत्तीनंतर दुसऱ्यांच्या दारात उभं राहून दुरुस्त केल्या आहेत. त्यांनी यंत्राला कान लावला.

"वंगण वाळून डिंक झालाय, सर. एरंडेल घाला."

"एरंडेल?"

"आमच्या आज्जाच्या बैलगाडीला एरंडेलच होतं. कवा कुरकुरली न्हाय."

बैलगाडीला हातचा नसतो, हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं. ते सुचलं नाही. एरंडेल घातलं. डिसेंबरची थंडी, त्यात आधीचा डिंक आणि वर एरंडेल. यंत्र जे तसूभर हलत होतं तेही थांबलं. मग केस कापणाऱ्यानं खोबरेल सांगितलं, पिठाच्या गिरणीवाल्यानं डिझेल सांगितलं, आणि समोरच्या गिरिजाबाईंनी उन्हाळ्यात मशीन आठवडाभर आमच्याकडं द्या, म्हणजे गव्हाच्या चिकानं आपोआप सुटेल, असं सांगितलं. मी सगळ्यांचं ऐकलं. शेवटचं सोडून सगळं घातलंही. आठवड्याभरात ते यंत्र खमंग वास सोडायला लागलं.

इथंपर्यंत प्रकरण घरातल्या घरात होतं. ते बाहेर गेलं आमच्या मुख्याध्यापकांमुळं. मी स्टाफरूममध्ये सहज बोललो, आणि तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन यंदा आमच्याच शाळेत होतं. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "चालतं ना?" एरंडेलात बुडालेलं यंत्र डोळ्यांसमोर होतं, तरी मी म्हणालो, "म्हणजे काय!" गणिताचा मास्तर एरवी एवढा बेहिशेबी बोलत नाही. पण निरोप समारंभाच्या आधी माणूस थोडा हळवा झालेला असतो.

प्रवेशाची माहिती ऑनलाइन भरायची होती. ती भरली आमचा तरुण लिपिक उत्कर्ष यानं. संध्याकाळी तो पावती घेऊन आला. मी वाचलं. प्रतिकृतीचं नाव: हस्तचलित यंत्र. गट: अन्न, आरोग्य व पोषण.

"उत्कर्ष, हे काय?"

"सर, तुम्ही फोटो पाठवला होता ना. फोटो बघून मीच गट निवडला. तुम्हाला तरास नको म्हणून."

"अरे, गणिताचा गट होता की त्यात."

"होता, पण शेवयाचं मशीन गणितात कसं घालायचं?"

दुरुस्ती करता येत नव्हती. माहिती लॉक झाली होती. ती उघडायला तालुक्याचं पत्र लागत होतं. तालुक्याच्या ऑफिसात गेलो तर ते म्हणाले, जिल्ह्याचं लागतं. धाराशिवला फोन लावला तर तिथल्या सभ्य आवाजानं विचारलं, "पण सर, यंत्र अन्नगटात असल्यामुळं नेमकं नुकसान काय होतंय?" प्रतिष्ठेला धक्का बसणं हे कारण त्यांच्या यादीत नव्हतं.

तोवर मुख्याध्यापकांनी निमंत्रणपत्रिकेवर 'प्रमुख आकर्षण: संगणकाचे पणजोबा' असं छापून घेतलं होतं. पत्रिका गावात वाटल्या गेल्या. रस्त्यात लोक मला थांबवून विचारायला लागले, "सर, पणजोबा कसे आहेत?"

आता यंत्र उघडण्याशिवाय इलाज नव्हता. रविवारी सिद्रामप्पा आपली हत्यारं घेऊन आले. चैतालीच्या आईची भाकरीची परात मागून घेतली. ती तिनं दिली, पण कशी दिली ते सांगत नाही. आम्ही अंगणात पोतं अंथरलं आणि यंत्र खोललं. सिद्रामप्पांची पद्धत मात्र शास्त्रशुद्ध होती. जो भाग आधी निघाला तो परातीच्या कडेला पहिला, त्याच्या शेजारी दुसरा, असे घड्याळाच्या काट्यांप्रमाणं सगळे भाग मांडत गेले. "जोडताना उलटं फिरायचं. बस्स," ते म्हणाले. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

आतलं पोट उघडं पडल्यावर मी सगळं विसरलो. एका दांड्यावर ओवलेली चाकं, प्रत्येक चाकात आत-बाहेर होणारे दात, आणि दोन दोन आकड्यांच्या मध्ये ते हातच्याचं बोट. पावणेचारशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका पोरानं वसुली खात्यातल्या बापाचे कष्ट वाचावेत म्हणून अशी पहिली पेटी बनवली होती. बेरीज करणं त्याला सोपं गेलं. त्याचा घाम निघाला तो हातच्यापाशी. एक चाक भरलं की शेजारच्याला कळवायचं कसं? मोबाईलला रेंज नसलेल्या वाड्यावस्त्यांवर अजून तोच प्रश्न आहे.

मी हे सिद्रामप्पांना सांगत सांगत चहा प्यायला आत नेलं. चहाबरोबर चिवडा निघाला, चिवड्याबरोबर सिद्रामप्पांच्या तुळजापूर डेपोच्या आठवणी निघाल्या. आम्ही परत आलो तेव्हा आई परातीपाशी बसली होती. उन्हाला पाठ करून, मांडी घालून, अगदी तल्लीन.

"आई, काय करायलीस?"

"निवडायले," आई म्हणाली. "किती घाण धान्य आणलंस रे. पण झालं बघ."

खरंच झालं होतं. स्क्रू एकीकडं, वायसर एकीकडं, चकत्या एकीकडं, दात एकीकडं. इतकं स्वच्छ निवडकाम तालुक्यात कुणी केलं नसतं. घड्याळाच्या काट्यांचा मागमूस उरला नव्हता.

"आन् खडे काढून टाकले," आईनं अंगणाबाहेर हात केला.

"खडे नव्हते ते, आई!"

"मग दाताखाली आल्यावर कळलं असतं."

सिद्रामप्पा परातीकडं बघत खालीच बसले. एसटीत इतकी वर्षं काढलेला माणूस, पण डोळे पाणावले. अंधार पडेपर्यंत आम्ही गवतात रांगत होतो. जाणारे येणारे थांबून सल्ला देत होते. एकानं चुंबक आणायला सांगितलं. चुंबक कुठून आणणार? शाळेच्या प्रयोगशाळेतलं कपाट रविवारी बंद. गिरिजाबाई म्हणाल्या, "शेवयाच्या मशीनला एवढे बारीक भाग असतात होय? म्हणूनच माझं चालंना झालंय." बरेचसे भाग मिळाले. सगळे मिळाले की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण मुळात किती होते हे फक्त परातीला ठाऊक होतं.

जोडायला पुढचे कितीतरी दिवस गेले. मी शाळेतून आलो की सिद्रामप्पा वाट बघत बसलेले. आम्ही रोज जोडायचो, रोज हँडल अडकायचं, रोज पुन्हा खोलायचो. चैतालीची आई परात मागायची सोडून ताटात पीठ मळायला शिकली. मग एका संध्याकाळी हँडल फिरलं. गर्रकन, लोण्यातून सुरी फिरावी तसं. मी खिट्टी सातावर आणली, चारदा फिरवलं, खिडकीत अठ्ठावीस आले. सिद्रामप्पांनी मला मिठी मारली. आतून चैतालीची आईसुद्धा ओट्यापासून हलून बघायला आली. म्हणाली, "आलं की हो!" आमच्या संसारात माझ्याबद्दल एवढं आश्चर्य तिनं क्वचितच दाखवलं आहे.

"आता मोठं काहीतरी करा," सिद्रामप्पा म्हणाले.

मी साठ अधिक साठ केले. खिडकीत वीस आले.

पुन्हा केले. पुन्हा वीस.

पाठीचं झाकण काढून पाहिलं. एककाचं चाक भरलं की दशकाला नीट हातचा जात होता. पण दशकाचं चाक भरलं की शतकाचं बोट नुसतं लोळत होतं. ढोसत नव्हतं. त्याला उभं धरणारी तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग जागेवर नव्हती. आईनं काढलेल्या खड्यांपैकी एक.

सिद्रामप्पांनी पेनातली स्प्रिंग कापून बसवली. हँडल पुन्हा अडकलं. लायटरमधली बसवली, ती उडून कुठं गेली ते अजून कळलं नाही. सोलापुरात अशी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचा नंबर मिळवला. ते आता मोबाईलच्या काचा बदलतात. "फोटो पाठवा," म्हणाले. पाठवला. उत्तरादाखल अंगठा आला. त्या अंगठ्याचा अर्थ लावण्यात माझे आणखी दोन दिवस गेले.

प्रदर्शन उद्यावर आलं तेव्हा सिद्रामप्पांनी शांतपणे तोडगा सांगितला. "सर, ज्या गाडीला ब्रेक लागंना ती आमी घाटात पाठवत नव्हतो. सपाटीवर चालवायचो. शतकाचा हातचा लागतोय ती गणितंच देऊ नका."

मी आयुष्यभर पोरांना अवघड गणित टाळू नका म्हणून सांगितलं. त्या दिवशी बसून सोपी गणितं पाठ केली. एकशे बारा गुणिले पाच, उत्तर पाचशे साठ. यात दशक कधी भरतच नाही, पण एककाचा हातचा मात्र झकास दिसतो. अशी चार-दोन निवडली. वर्गातल्या पोरांना कॉपी करताना पकडलं की त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असायचा तो मला त्या दिवशी आरशात दिसला.

प्रदर्शनात माझं टेबल अन्नगटात. डावीकडं नाचणीचे लाडू, उजवीकडं जवसाची चटणी, मध्ये मी आणि पणजोबा. आधी परीक्षक आल्या. आहारशास्त्राच्या बाई होत्या, हातात गुणपत्रक.

"या यंत्रातून काय निघतं?"

"उत्तर," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. "पौष्टिक मूल्य?"

"ते प्रश्नावर अवलंबून आहे."

त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं, तेही लिहिलं आणि चटणीकडं वळल्या.

मग ढोलताशा वाजला आणि गटशिक्षणाधिकारी मॅडम आल्या. मागं मुख्याध्यापक, संस्थेचे लोक, दुसऱ्या शाळांचे शिक्षक, आणि त्यांच्या मागं पोरांचा लोंढा. सिद्रामप्पा कडेला उभे होते, इस्त्रीचं धोतर नेसून. चैतालीची आईही आली होती. माझ्या आईला घरी ठेवलं होतं.

मी घसा साफ केला आणि एकशे बारा गुणिले पाच लावलं. हँडल फिरवत गेलो. शेवटच्या फेऱ्याला एककाचं चाक भरलं, बोटानं ढोसलं, दशक सरकलं. पाचशे साठ. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी असं पाहिलं, जसं काही पणजोबा त्यांच्याच घराण्यातले होते.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता माझं एक गणित. माझ्याकडं सत्तेचाळीस शाळा आहेत असं धरा. प्रत्येकीला सहा बाकं द्यायची. किती लागतील?"

सत्तेचाळीस सक. दशक एकदा नव्हे, दोनदा भरणार. मी सिद्रामप्पांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"मॅडम, चार बाकं दिली तर?" मी म्हणालो.

"मास्तर, बाकं मी देणार आहे. सहाच."

चारनंही वाचलो नसतोच, पण घाबरलेल्या माणसाला हिशेब कुठला सुचतो? मी खिट्ट्या लावल्या. हँडल सहा वेळा फिरवलं. एवढं जड मला ते एरंडेलातसुद्धा लागलं नव्हतं. खिडकीत ब्याऐंशी आले.

कुणीतरी मोबाईल काढला होताच. "दोनशे ब्याऐंशी, मॅडम."

मॅडम खिडकीत वाकल्या. "इथं तर ब्याऐंशी दिसतंय. मग माझी दोनशे बाकं गेली कुठं?"

मागं कुणीतरी हसलं. संस्थेच्या एका माणसाचा चेहरा मात्र एकदम गंभीर झाला, ते का ते मला कळलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "थंडीमुळं असेल." दुसऱ्या शाळेचे एक सर म्हणाले, "व्होल्टेज कमी असेल." यंत्राला वायर नाही हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मला दोन्ही कारणं हाताशी होती. मी त्यातलं एक उचलायला तोंडही उघडलं. पण समोर माझाच आठवीचा वर्ग उभा होता, आणि रोज त्यांच्या वह्यांवर मी लाल शाईनं जे लिहितो तेच तोंडातून बाहेर पडलं.

"हातचा राहिला," मी म्हणालो.

मग आठवीतली निकिता गर्दीतून पुढं आली. निकिता म्हणजे हातचा विसरण्यात शाळेत पहिली. ती टेबलावर दोन्ही हात ठेवून यंत्राकडं बघत राहिली.

"सर, मशीनचा पण राहतो?"

तिच्या आवाजात एवढा आनंद होता की मला रागवायचं सुचलं नाही. मी पाठीचं झाकण काढलं. हँडल हळूहळू फिरवून दाखवलं. "हे बघ, हे दशकाचं चाक नवावर आलं. आता शून्यावर जाणार. या बोटानं इथं शेजारच्याला ढोसायला पाहिजे. बघ."

बोट लोळत राहिलं. चाक मुकाट्यानं शून्यावर गेलं.

"ढोसलंच न्हाय!" पोरं ओरडली.

"मग पंचवीस चोक शंभर लावलं तर काय यील?" निकितानं विचारलं, आणि मी सांगायच्या आत स्वतःच डोळे मिटून, बोटं मोजत पुटपुटायला लागली. पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर. डोळे उघडले. "शून्य! सर, शून्य यील! शंभरचा हातचा जाईल आन् मागं काहीच उरणार न्हाय!"

मी लावलं. चार फेरे. खिडकीत शून्य. सगळ्या हॉलमध्ये असा गलका झाला की बाजूचे लाडू हलले.

त्यानंतर मला कुणी विचारलं नाही. पोरांची रांग लागली. प्रत्येकाला यंत्राला फसवायचं होतं, आणि फसवायचं तर ते नेमकं कुठं चुकणार हे आधी स्वतः करून बघायला लागत होतं. ज्यांनी वर्षभर मोबाईल खाली ठेवला नव्हता ती पोरं तळहातावर पेनानं गुणाकार करत होती. "थांब, इथं खातंय!" "न्हाय रे, एककाचा जातोय, दशकाचा खातंय!" शतकाच्या चाकाला वर एक बारीक घुंडी होती. कुणाच्या तरी लक्षात आलं की हातचा हुकला की ती घुंडी बोटानं एक घर फिरवली तर उत्तर बरोबर येतं. मॅडम गेल्या नव्हत्या. त्यांनी पर्स मुख्याध्यापकांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सत्तेचाळीस सक पुन्हा लावा. हातचा मी देते." मी हँडल फिरवत होतो आणि मॅडम घुंडीवर बोट ठेवून चाकावर नजर लावून उभ्या होत्या. दोन्ही वेळा त्यांनी बरोबर दिला. दोनशे ब्याऐंशी. पोरांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मॅडम चक्क लाजल्या.

पहिला क्रमांक लाडूंना मिळाला. रास्तच होतं. ते खाता येत होते. घरी जाताना चैतालीची आई म्हणाली, "डोळ्यांत ते थेंब पुन्हा कधी घालायचेत?" मी म्हणालो, "सहा महिन्यांनी." ती म्हणाली, "या वेळी मी सोबत येते. मलाही बाजार बघायचाय."

मार्चमध्ये सिद्रामप्पांनी भजनी मंडळाच्या हार्मोनियमवाल्याकडून एक बारीक स्प्रिंग आणली. घासून घासून अगदी जागेवर बसेल अशी केली. बसवून पाहिली. साठ अधिक साठ, एकशे वीस. इतक्या महिन्यांनी यंत्र शहाण्यासारखं वागलं. दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात नेलं. पोरांनी दोन-चार गणितं लावली, सगळी बरोबर आली, आणि मागच्या बाकावरून एकानं मोबाईल काढला. निकिता माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी तिच्या मैत्रिणीला शाळेतून काढून टाकलं होतं.

संध्याकाळी मी सिद्रामप्पांच्या दारात जाऊन उभा राहिलो. सांगायला जड गेलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा लावला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्प्रिंग काढली. मग म्हणाले, "जिंदगीत पयल्यांदा चांगली गाडी बिघडवून दिली."

निवृत्तीच्या दिवशी मी यंत्र शाळेला दिलं. उत्कर्षनं साहित्याची नोंदवही उघडली, नाव लिहिलं, आणि पुढच्या रकान्यापाशी पेन थांबवला.

"सर, इथं 'चालू' लिहू का 'नादुरुस्त'? नादुरुस्त लिहिलं तर वर्षअखेरीला भंगारात जाईल. चालू लिहिलं तर तपासणीला आलेले साहेब गणित घालून बघतील."

पलीकडच्या वर्गात हँडलची करकर चालली होती आणि पोरं एकसुरात ओरडत होती. मी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात माझ्या नोकरीतली शेवटची ओळ लिहिली:

'यंत्र चालू आहे. हातचा विद्यार्थ्यांनी धरावा.'